कारंज्याची पाटी

तीन नंबरच्या पंपानं हवा धरली होती. लहू वाव्हळे जमिनीखालच्या पंपघरात उकिडवा बसला होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून तो आतली खडखड ऐकत होता. डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज येत होता. वर तोंडाशी वाकून साइट सुपरवायझर कृष्णकांत मिनिटामिनिटाला ओरडत होता.

"लहूभाई, साडेछह बजे अर्बाब बटन दबाएगा. पानी उड़ेगा ना?"

"उड़ेगा."

"पक्का?"

"अब इन्शाल्ला बोलूँ क्या? तुम ही डर जाओगे." 'इन्शाल्ला' म्हटलं की काम लटकलंच, असं साइटवर सगळे धरून चालत.

जानेवारी नव्याण्णव. मस्कतच्या किनाऱ्यावरचं अर्बाबचं, म्हणजे मालकांचं, ते नवं रिसॉर्ट त्या संध्याकाळी लोकांसाठी उघडणार होतं. समुद्रात डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी होत्या, वाळूत उंट होते, मुलांची झुकझुक गाडी होती, आणि या सगळ्याच्या मधोमध लहूचं कारंजं होतं. बेचाळीस तोट्या, खाली रंगीत दिवे आणि संगीताच्या तालावर नाचणारं पाणी. मस्कतच्या रुवी भागातल्या निम्म्या हिंदुस्तानी दुकानांत त्याची पोस्टरं लागली होती. लहूनं त्यातलं एक मागून घेऊन घरी फ्रिजवर चिकटवलं होतं आणि बायकोनं, शैलानं, त्यावरून त्याला आठवडाभर चिडवलं होतं.

त्याचंही काही चुकत नव्हतं. आठ वर्षं तो ओमानात पंपच सांभाळत होता, पण ते इमारतींच्या तळघरातले, सांडपाण्याच्या टाक्यांवरचे. पंपवाल्याचं काम नीट चाललं तर कुणी बघत नाही आणि बंद पडलं तर अख्खा गाव बघायला येतो. आज पहिल्यांदाच लोक तिकीट काढून त्याचं काम बघणार होते. कारंज्यापाशी लावलेल्या पाटीवरचा हिंदी मजकूरसुद्धा त्याचाच होता. पेंटर बंगाली, त्याला देवनागरी जमेना, म्हणून लहूनं स्वतः ब्रश घेतला होता. अक्षर वळणदार आलं म्हणून तो त्या दिवशी दोनदा मागे जाऊन पाटी बघून आला होता.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्याची माय आज समोर बसणार होती.

मीराबाई परभणीकडच्या खेड्यातून महिन्यापूर्वी आल्या होत्या. वय चौसष्ट, गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बाबासाहेबांचं पदक, आणि तोंड भलतंच फटकळ. लेकानं आईला मस्कत दाखवायचा सपाटाच लावला. मत्राचा बाजार दाखवला, तर म्हणाल्या, "चांगला हाय, पर लई वास." किल्ला दाखवला, तर, "चढायला सांगू नको." डॉल्फिन बघितल्यावर नात तृप्तीनं विचारलं, "आजी, यू लाइक केला?" तर मीराबाई म्हणाल्या, "मासा उड्या मारतो त्यात त्याचं कौतुक. आपलं काय?"

फक्त एक गोष्ट लहूच्या मनात राहून गेली होती. रुस्ताकच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर सगळे धडाधड पाय सोडून बसले आणि माय चार पावलं मागे उभीच राहिली. कुणी अडवलं नव्हतं. पाणी दिसलं की ती आधी थांबायची, इकडं तिकडं बघायची, तशीच थांबली. शेवटी एका ओमानी म्हातारीनं मनगट धरून तिला खाली बसवलं, तेव्हा तिनं पाय बुडवले. गावातल्या विहिरीवर ती तरुणपणी अशीच घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर तो वरून ओतायचा. लहूला ते माहीत होतं, पण ते इतक्या लांब, विमानात बसून तिच्याबरोबर आलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

काल रात्री मीराबाई म्हणाल्या होत्या, "समदं दावलंस. तू काय करतूस ते कदी दावणार? उद्याच्या उद्या माझं इमान हाय."

"विमान उद्या नाही माय, परवा दुपारी. आणि उद्या संध्याकाळी दाखवतो," असं त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं, आणि आता पंपानं हवा धरली होती.

"कृष्णकांत," त्यानं हाक मारली, "हॉटेल से शेविंग क्रीम मँगाओ. दो ट्यूब."

"शेविंग? अभी?"

"यल्ला, यल्ला. जल्दी."

ट्यूब आल्या. लहूनं ओढणाऱ्या बाजूच्या पाइपाच्या एकेका जोडावर पांढरा फेस थापला आणि पंप चालू केला. पहिल्या जोडावर फेस तसाच, दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्यावर मात्र करंगळीएवढा फेस हळूच आत ओढला गेला आणि तिथं भोक पडलं. लहू एकटाच हसला. चोर सापडला होता. त्यानं टायरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापलं, त्याचं नवं गॅस्केट करून जोडात बसवलं आणि बोल्ट आवळले. खडखड थांबली. पंप असा गुणगुणायला लागला की त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटावी. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मगरीबची, सूर्यास्ताची नमाज केव्हाच झाली होती, दिवे लागले होते. पहिल्या रांगेत अर्बाब आणि त्यांचे पाहुणे बसले होते, चौथ्या रांगेत शैला, तृप्ती आणि मधे मीराबाई. लहू पंपघराच्या तोंडाशी उभा होता. अर्बाबनी बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बेचाळीस तोट्या एकदम उसळल्या. पाणी चार मजले वर गेलं, तिथं हिरवं झालं, मग लाल, मग वाकून दोन्ही बाजूंना फेर धरायला लागलं. लोक उभे राहिले. टाळ्यांनी संगीत ऐकू येईना. तृप्ती बाकावर चढून "माय पप्पा! माय पप्पा!" म्हणून नाचत होती.

लहूनं आईकडे बघितलं. मीराबाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या लहान पोरीसारख्या हसत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या तिकिटांच्या मुलीला, रशीदाला, त्या दंड धरून शुद्ध परभणी बोलीत सांगत होत्या, "माझ्या लेकानं उडीवलं. ह्यो समदा खटाटोप त्याचा!" रशीदा बलुची, तिला काही कळलं असेल नसेल, पण तीही हसून मान हलवत होती. लहूला वाटलं, आठ वर्षं वसूल झाली.

खेळ संपला. लोक कारंज्याच्या कठड्याभोवती जमले. मीराबाई नेहमीसारख्या चार पावलं मागे थांबल्या.

"चल माय, जवळ चल," लहू म्हणाला. "आपलंच आहे."

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग कुणी मनगट न धरता, आपल्या आपण, पुढं झाल्या. कठड्याशी वाकल्या आणि हात पुढं केला.

"अम्मा, नहीं नहीं," रशीदा प्रेमानंच म्हणाली. "पानी को हाथ नहीं लगाना."

मीराबाईंचा हात झटकन पदराआड गेला. विचार करायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. लहूला कुणी कानफटात मारावी तसं झालं.

मग मीराबाईंना पाटी दिसली. प्रौढांच्या वर्गात पन्नाशीत शिकलेलं त्यांचं वाचन, त्यामुळे बोट हवेत फिरवत त्यांनी एकेक अक्षर लावलं. "पा-नी को हा-थ न ल-गा-एँ." पुन्हा एकदा वाचलं.

"कुणी लिव्हलं रं हे?"

शैला खाली बघायला लागली. लहूला खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळेना. "मी, माय."

"तू?"

"माय, हे पाणी हॉटेलांच्या गटाराचं आहे. मशीनमधून साफ करून फिरवतो. झाडांना चालतं, पण अंगाला लागलं तर खाज येईल, पोरं तोंडात घालतील. म्हणून लिहिलं. तुला... माझ्या ध्यानातच आलं नाही गं." वळणदार अक्षर बघायला आपण दोनदा मागे गेलो होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच शरम वाटली.

मीराबाईंनी परत पाण्याकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "म्हंजे इटाळ पाण्याला हाय. माणसाला न्हाई."

"माणसाला नाही."

"मंग तसं लिव्ह की, येड्या. आमच्या हिरीवर पाटी नव्हती, पर हुकूम ह्योच व्हता. शिवू नका. कामून शिवू नका, ते जलमभर कुणी सांगितलं न्हाई. सांगायला कारणच नव्हतं त्यांच्यापाशी. तुझ्यापाशी हाय ना? मंग कारण लिव्हत जा."

दुसऱ्या दिवशी विमानतळावर जाताना लहूनं गाडी रिसॉर्टकडे वळवली. सकाळची वेळ होती, कारंजं बंद होतं. त्यानं डिकीतून रंगाचा डबा काढला. पाटीवर हिंदी ओळीखाली वीतभरच जागा उरली होती. त्यात बारीक अक्षरांत तो लिहू लागला: यह गंदे पानी को साफ करके बनाया है, सिर्फ पेड़ों के लिए है.

कृष्णकांत धावत आला. "लहूभाई, ये क्या? मैनेजमेंट से पूछा?"

"पूछूँगा. पहले लिख तो लूँ."

मीराबाई गाडीतून उतरून आल्या. रंग ओला होता, म्हणून बोट लांब धरून त्यांनी सगळी ओळ लावली. मधे 'सिर्फ'पाशी अडल्या, तिथं तृप्तीनं मदत केली. पुरी वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

मग त्या कारंज्याकडे गेल्या. वाटेत थांबल्या नाहीत, इकडं तिकडं बघितलं नाही. थेट कठड्यापर्यंत जाऊन त्या उभ्या राहिल्या, खाली वाकून स्वतःचं प्रतिबिंब बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. बाग बघायला आलेली कुठलीही बाई उभी राहील तशा.

विमानाला उशीर होत होता, पण लहूनं हाक मारली नाही.