खिळ्यावरची नळी

मी एक जुनी लोखंडी नळी आहे, मित्रांनो. एक टोक अणकुचीदार, अंगात लांब खाच. पोत्यात खुपसली की खाचेत मूठभर धान्य येतं. अण्णांच्या गोदामात मी वीस वर्षं काढली. तिथे घाऊक धंदा. गिऱ्हाईक यायचं एक, पण न्यायचं शंभर पोती. अण्णा मला एकाच पोत्यात खुपसायचे, दाणे तळहातावर दाखवायचे, की सौदा पक्का! एखादं पोतं खराब निघालंच, तर व्यापारी कुरकुरत बदलून न्यायचा. माझा तोरा काय वर्णावा!

अण्णा थकले, गोदाम बंद झालं. त्यांच्या मुलीनं, ताईनं, किरकोळ विक्रीचं दुकान थाटलं. पहिल्या दिवशी तांदळाची दहा पोती आली. ताईनं सवयीनं एकातच मला खुपसलं, "माल झकास आहे!" म्हणाली आणि मला खिळ्याला अडकवलं.

माझ्या खालीच, भिंतीला टेकून, दहावं पोतं होतं. त्याच्या बुडाशी ओलीचा डाग! मला दिसत होता, पण सांगणार कशी? एकेक पोतं संपत होतं आणि इकडे माझा जीव टांगणीला.

अखेर तेच पोतं उघडलं. वरचा तांदूळ पांढराशुभ्र. सकाळी शेजारच्या आजोबांनी दोन किलो नेला. दुपारी कडेवर बाळ घेऊन एक बाई आली. तिनं मूठभर उचलून हुंगला.

"ताई, कुबट वास येतोय हो. बाळाला मऊ भात द्यायचाय मला."

"अहो, तपासून घेतलाय मी!" ताईला राग आला. तणतणत तिनं मला काढलं आणि थेट तळापर्यंत खुपसलं. मी बाहेर आले ती काळ्या, बुरसटलेल्या दाण्यांनी भरून.

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. "एक बघितलं आणि दहा पास केली! अगं बाई, आजोबा!"

दुकान तसंच टाकून ती धावली. मी काउंटरवर पडून. शिजवला असेल का? खाल्ला असेल का? ती परतली, हातात आजोबांची पिशवी.

"धुवायलाच घेत होते," ती धापा टाकत त्या बाईला म्हणाली. "थोडक्यात निभावलं!"

आता मी प्रत्येक पोत्यात जाते, तळापर्यंत. ताई मला पुसून ठेवते. पण घाईच्या दिवशी मी खिळ्यावरच राहते, तेव्हा अजून धस्स होतं. मित्रांनो, कुणी "एक बघितलं, बाकी ठीकच असणार" म्हणालं, तर त्यांना थांबवा. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.