कोरडा पिस्टन

लाकडी ठोकळा पिस्टनवर टेकवून मिस्त्रीनं चौथा ठोका घातला, तेव्हा कुठे तो बोटभर सरकला. आणखी दोन ठोके बसले आणि सिलिंडर मोकळा होऊन हातात आला.

"निघाला?" दारातून भावजयीनं विचारलं.

"निघाला."

"मग आता सुरू होईल ना, दादा?"

त्यानं सिलिंडर उजेडाकडे धरला. पिस्टन चहूबाजूंनी खरवडला होता, वरची रिंग तुटली होती आणि पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटलं होतं.

तिचा नवरा, मिस्त्रीचा धाकटा भाऊ, पहाटे जाळी घेऊन गेला होता. जेवायच्या वेळेला यायचा तो तीन वाजून गेले तरी आला नव्हता. फोन लागत नव्हता. मोठ्या होड्या तीन दिवसांसाठी खोल समुद्रात होत्या आणि मासेमारी खात्याच्या कचेरीची गस्तीची लाँच सकाळपर्यंत परतणार नव्हती. धक्क्यावर उरली होती ती मिस्त्रीची होडी. पण तिचं इंजिन सकाळी हाकेच्या अंतरावर जाम झालं आणि तो वल्हवत परत आला, तेव्हा लोक हसले होते. "डॉक्टरच आजारी!" कुणीतरी ओरडलं, तसा तोही हसला होता. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप गेला असेल, सावकाश बघू, असं म्हणून त्यानं इंजिन कोपऱ्यात टेकवलं होतं.

पण पंप धडधाकट निघाला. त्यानं सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं. बोट कोरडंच बाहेर आलं.

तो उठला. सकाळच्या डब्यातलं थोडं पेट्रोल त्यानं कागदावर ओतलं. बघता बघता ते उडून गेलं. कागद कोरा. या इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच द्यावं लागतं, नाहीतर ते जाम होतं; मिसळलेलं असतं, तर कागदावर डाग राहिला असता.

काल संध्याकाळी त्यानंच दोन डबे भरले होते. पेट्रोल ओतून झालं आणि गिऱ्हाइकाचा फोन आला. तेलाची बाटली फळीवर होती, अजून सीलबंद. एक डबा त्यानं स्वतःला ठेवला. दुसरा स्वतःच्या हातानं धाकट्याच्या होडीत नेऊन दिला.

"काय बघताय?" भावजय जवळ आली.

कागद त्याच्या मुठीत चुरगळला. "काही नाही. घरात संडास धुवायचं अ‍ॅसिड आहे ना? आण. पळ."

ती धावत गेली आणि धावतच आली. काडीला चिंधी गुंडाळून तो चिकटलेल्या धातूला अ‍ॅसिड लावू लागला. धातू फसफसून विरघळे, तो पाण्यानं धुई, पुन्हा लावी. मग पॉलिश पेपरनं भिंत घासली, पिस्टनचे उंचवटे कानशीनं उतरवले. भंगाराच्या खोक्यात त्या मापाच्या दोनच जुन्या रिंगा सापडल्या. पहिली बसवताना ताणली गेली आणि तुटली.

भावजयीनं खांब धरला.

मिस्त्रीनं हात मांड्यांना पुसले. मग दुसरी रिंग उचलली. ती बसली.

इंजिन होडीवर चढेपर्यंत पाच वाजले. या खेपेला त्यानं दुप्पट तेल घातलं आणि झाकण लावल्यावरही उघडून पुन्हा पाहिलं. दोरी ओढून ओढून त्याचा खांदा निकामी झाला, तेव्हा तिनं त्याला बाजूला सारलं. पदर खोचला, पाय रोवला. तिच्या तिसऱ्या हिसक्याला इंजिन खोकलं, निळा धूर ओकून चालू झालं.

"जोरात घ्या ना!"

"जोरात घेतलं तर पुन्हा जाम होईल."

त्यानं होडी समुद्रातल्या मोठ्या खडकाच्या दक्षिणेला वळवली.

"हे तर पश्चिमेला जातात, दादा."

"वाऱ्यानं खाली वाहत गेला असेल."

एवढंच बोलला. धाकट्याच्या टाकीत जुनं पेट्रोल जाण्यापुरतं होतं. नवा डबा त्यानं परतताना लावला असणार, आणि खडक दिसायच्या सुमारास इंजिन बंद पडलं असणार. इतका अचूक हिशेब का जमतोय, हे तिला कसं सांगायचं?

सूर्य पाण्याला टेकायला आला, तेव्हा तिलाच आधी दिसलं. वल्ह्याला बांधलेला सदरा.

धाकट्याचे ओठ फुटले होते. पाण्याची बाटली त्यानं एका दमात रिकामी केली, बायकोच्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाकडे न बघताच बोलू लागला.

"दादा, इंजिन घालवलं मी. घाई होती, फार पळवलं. तू कितीदा बजावलं होतंस. चूक माझीच."

मिस्त्रीनं मान हलवली. कशासाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं दोरीची गाठ मारली आणि धाकट्याची होडी मागे बांधून घेतली. धाकटा पुढे टोकाशी बसला, भावजय मधे. होडी गोगलगायीसारखी निघाली. दूर धक्क्यावरचा पहिला दिवा लागला.

"तेल मी घातलं नव्हतं," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही डब्यांत."

इंजिनाच्या आवाजात धाकट्यानं कानामागे हात धरला. "काय म्हणाला दादा?"

भावजय वळली. मिस्त्रीच्या तोंडाकडे तिनं पुरतं पाहून घेतलं. मग नवऱ्याकडे फिरून मोठ्यानं म्हणाली,

"म्हणतायत, इंजिन दुरुस्त होईल."

धक्का येईपर्यंत तिनं मिस्त्रीकडे पुन्हा पाहिलं नाही.