लाल खुणेच्या कुंड्या

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि त्यावरचं औषध प्रयोगशाळेच्या एकाही कपाटात नव्हतं. दुखणं होतं धाकट्या जावेचं. बरं, तिला या नोकरीत चिकटवलं कुणी? थोरलीनंच. घरी एक स्वयंपाकघर, इथे एक टेबल. म्हणजे उठता-बसता तेच तोंड समोर.

सहा वर्षं माती चिवडून थोरलीनं एक जिवाणू शोधला होता. घेवड्याच्या मुळांवर राहायचा आणि हवेतला नत्र रोपाला द्यायचा, म्हणजे खत निम्म्यानं कमी लागणार. आणि ही बया आली काय, वर्षभरात तसलाच दुसरा जिवाणू काढून मोकळी झाली काय! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. वर सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या धाकटीनं हात लावला की सोनं होतं बघा." तेव्हा थोरली भांडी जरा जोरातच आपटायची.

दोघींपैकी एकीचाच जिवाणू पुढे शेतकऱ्यांच्या शेतात जाणार होता. दुसरीचा शीतकपाटात जाऊन पडणार, तो कायमचा. निवाडा काचघरातल्या घेवड्याच्या साठ कुंड्यांवर व्हायचा होता; ज्याची रोपं उंच, तो जिंकला. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्वतःच्या हातानं एक जिवाणू तीस कुंड्यांत घातला, त्यांना लाल खूण केली. दुसऱ्याच्या तीस कुंड्यांना पिवळी. कोणती खूण कोणाची, तो कागद पाकिटात बंद. मापणाऱ्याला ते कळलं की पट्टी सरळ राहत नाही, हे त्या जाणून होत्या. रोपांची उंची मापायचं काम मात्र थोरलीकडे आलं. तिचा हात स्थिर, नजर तीक्ष्ण.

नजर तीक्ष्णच म्हणायची. तिनं हेरलं की धाकटी रोज सकाळी काचघरात शिरली की लाल कुंड्यांपाशी रेंगाळते. पानं वर करून बघते, स्वतःशीच हसते. थोरली मनात म्हणाली, आईला आपलं लेकरू बरोबर कळतं हो.

मग काय, ठरलंच. मापायच्या दिवशी पिवळ्या कुंडीत तिची पट्टी किंचित मातीत रुतायची, लाल कुंडीत किंचित अधांतरी राहायची. इकडे एक मिलिमीटर जास्त, तिकडे एक मिलिमीटर कमी. खोटा आकडा तिनं एकही लिहिला नाही. पट्टीवर जे दिसलं तेच लिहिलं. साठ कुंड्या झाल्या तेव्हा तिला फार दिवसांनी हलकं वाटत होतं. त्याच दुपारी जनुकांच्या तपासणीसाठी सगळी रोपं कापून, गोठवून त्यांची पूड करण्यात आली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आकडे मांडले. पिवळी सरासरी दीड मिलिमीटरनं पुढे होती. मग त्यांनी पाकीट फोडलं.

"लाल थोरल्या बाईंची. पिवळी धाकट्या बाईंची."

थोरलीची सहा वर्षं, आणि ती मातीत घातली कुणी? तिनंच, स्वतःच्या हातानं.

"फरक अगदी थोडा आहे," मॅडम म्हणाल्या. "मापात काही गडबड वाटत असेल तर आत्ताच सांगा. का वाटते ते लिहून द्यायचं, आपण पुढच्या हंगामात प्रयोग परत घेऊ."

का वाटते ते. म्हणजे पट्टी कुठे रुतली आणि कुठे अधांतरी राहिली, ते आपल्याच अक्षरात.

"ताईंनी मापलंय, मग गडबड कसली असणार?" धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण खरं सांगू का, ताई? मला लालच जिंकणार असं वाटत होतं. इतकी तरतरीत होती ती रोपं, म्हटलं ही तुमचीच असणार. रोज बघत उभी राहायचे मी."

आता तरी राग जाईल की नाही? नाही गेला. उलट तिच्या त्या भरल्या डोळ्यांचाच थोरलीला जास्त राग आला. हिच्यासमोर सगळं कबूल करायचं, आणि मग रोज हिच्याच शेजारी बसून जेवायचं?

मॅडम अजून वाट बघत होत्या.

"माप बरोबर आहे," थोरली म्हणाली.