उघडायची बाजू

माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं पार्सल उघडायला गेला तर सराईत चोरही हात टेकेल. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांना काचा बसवल्या. ‘फुटेल’ हा शब्द ऐकला की त्यांचे कान टवकारतात. मी जुन्या रेकॉर्ड्स मिळवून ऑनलाइन विकते. सासूबाई गेल्यावर बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून एकदा मी एक रेकॉर्ड त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “एवढी बांधून द्याल का?” तेव्हापासून जेवणाचं टेबल त्यांचं झालं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवतो.

काम मात्र चोख. रेकॉर्ड आधी कव्हरमधून बाहेर काढायची, कारण खोका आदळला की तिचीच कड कव्हर फाडते. ती साध्या पाकिटात घालून कव्हरमागे ठेवायची. दोन्ही बाजूंना पुठ्ठे. एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे वाकायचं नावच नको. हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं शोधलं आणि आजवर एकही रेकॉर्ड वाटेत फुटली नाही. पण मग टेप! उभी, आडवी, कोपऱ्यांवर तिरकी आणि मनाचं समाधान म्हणून पुन्हा उभी. अति तिथं माती म्हणतात ते उगाच नाही.

ती माती झाली एका निवृत्त संगीतशिक्षकांच्या घरी. त्यांनी फोटो पाठवला. रेकॉर्डवर कडेपासून मध्यापर्यंत सरळ ओरखडा. ‘टेप निघेना म्हणून कटर घेतला, तो आत गेला. चूक माझीच, पैसे परत नकोत. नऊ वर्षं हिला शोधत होतो, कुणाला तरी सांगावंसं वाटलं.’ त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

नवरा म्हणाला, “बाबांना सांगू नकोस. टेबल सोडतील.” मलाही तेच वाटत होतं. टेबल मिळाल्यापासून बाबा रोज दाढी करत होते, पेपरातल्या बातम्यांवर भांडत होते, भाजी पुन्हा मागून घेत होते. ते परत भिंतीकडे तोंड करून बसलेले मला बघवले नसते. मग मी गप्प बसले आणि एक शहाणपण केलं. रोज कुरिअरच्या ऑफिसात जाऊन, कोपऱ्यातल्या बाकावर बसून, बाबांची टेप सोलायची आणि मोजून दोन पट्ट्या लावायच्या.

काउंटरवरची बाई एकदा म्हणाली, “घरी बांधायचं नि इथं सोडायचं! रिकामटेकड्या आहात का हो?”

अडीच महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका गुरुवारी मी पत्त्याची चिठ्ठी घरी विसरले आणि बाबा ती घेऊन धापा टाकत आले. माझ्या हातात कटर, पायाशी त्यांच्या टेपचा गोळा.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“अडीच महिने.”

“रोज?”

“रोज, बाबा.”

ते बाकावर बसले. मी सगळं सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“तुम्ही काम सोडाल, परत गप्प गप्प बसाल, याची भीती वाटली,” मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं.

“काच चुकीची कापली की मालक तोंडावर सांगायचा,” बाबा म्हणाले. “सगळ्यांसमोर. राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी हात सुधारायचा. तू सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी शिकलो असतो. अडीच महिने मला खुळ्यासारखं खूश ठेवलंस, पोरी.”

एवढं मला कुणी कधी लागेल असं बोललं नव्हतं, आणि त्यातला शब्दही खोटा नव्हता. तिथूनच त्यांनी मला संगीतशिक्षकांना फोन लावायला सांगितला. “टेप माझी होती,” म्हणाले, आणि माफी मागितली.

घरी आल्यावर ते टेबलाकडे फिरकले नाहीत. मी मनात म्हटलं, संपलं. पण सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा टेबलाशी हजर, समोर एक खोका. जोडावर एकच पट्टी, तिचं टोक दुमडून केलेली शेपटी, आत जोडाखाली एक जास्तीचा पुठ्ठा, आणि वर ठळक अक्षरांत: ‘इथून ओढा. कटर नको.’

“उघड,” ते म्हणाले. “नुसत्या हातानं. आणि काय चुकलंय ते सांग.”

मी ओढलं. उघडलं एकदाचं.

“छान झालंय, बाबा.”

त्यांनी खोका परत माझ्याकडे सरकवला. मला माझीच लाज वाटली. मी पट्टी पुन्हा चिकटवली, पुन्हा ओढून पाहिली.

“शेपटी आखूड आहे,” मी म्हटलं. “बोटात येत नाही. म्हाताऱ्या माणसाला तर मुळीच जमणार नाही.”

“आता कसं!” बाबा म्हणाले आणि टेपचा रोल पुढे ओढला.