सात घरांची पाळी

नोव्हेंबर १९९९ मधल्या एका सकाळी श्यामकांत देवस्थळींच्या टेबलावरचा फोन वाजला आणि त्यांचा चहा तसाच निवत राहिला. फोन खेडी टिब्बा गावाहून होता. तिथल्या पाणी सोसायटीचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, मेहरचंद बोलत होते.

"साहबजी, तुमच्या डोंगरात बकऱ्या शिरल्यात. कुणाच्या म्हणून विचारा. भागवंतीच्या."

चंडीगडच्या मृदसंधारण कचेरीत श्यामकांतांची एकवीस वर्षं गेली होती, आणि छाती पुढे काढून सांगावं असं एकच काम त्यांच्या हातून झालं होतं : खेडी टिब्ब्याचा मातीचा बांध. शिवालिकचे डोंगर भुसभुशीत. वर बकऱ्या चरल्या की गवत जातं, गवत गेलं की पावसाळ्यात सगळी माती खाली येते आणि बांध गाळाने भरतो. म्हणून बारा वर्षांपूर्वी त्यांनी गावाशी करार केला होता. डोंगरात कुणी जनावर सोडायचं नाही आणि त्या बदल्यात साठलेल्या पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा हक्क. गव्हाला तीन पाळ्या मिळायच्या, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. ज्याला जमीन नाही त्यालाही पाळी होती. त्याने ती शेजाऱ्याच्या शेतात सोडायची आणि गव्हाचा वाटा घ्यायचा.

भागवंती ही अशीच बिनजमिनीची विधवा. तेव्हा तिच्याकडे बेचाळीस बकऱ्या होत्या. श्यामकांतांच्या शब्दावर गावात सगळ्यात आधी तिने त्या विकल्या होत्या. पुढे दिल्लीपासून डेहराडूनपर्यंत जिथे जिथे साहेबांनी भाषण ठोकलं, तिथे तिथे 'आमची भागवंती चाची' आलीच. आणि आता तिनेच दगा द्यावा?

तासाभरात त्यांची जीप गावात पोचली. नेहमीप्रमाणे मेहरचंदच्या दारात न थांबता ती थेट गावाच्या पार टोकाला गेली. भागवंती खोपटाबाहेर शेंगा निवडत बसली होती.

"चाची, तुम्ही मला फसवलंत," श्यामकांत उतरता उतरताच म्हणाले.

म्हातारीने मान वर केली, पण चिडली नाही. आत जाऊन तिने तांब्या भरून आणला. "पाणी प्या, साहबजी. हे हातपंपाचं आहे. बांधाचं आमच्याकडे येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"दोन हिवाळे झाले. प्रधानजी म्हणाले, बांधात गाळ साचलाय, पाणी पुरत नाही, तर बिनजमिनीच्या सात घरांनी जरा थांबावं. एक हिवाळा थांबलो. दुसराही थांबलो. पोटाला किती थांबवायचं? शेवटी पुन्हा बकऱ्या घेतल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी?" भागवंतीने तांब्या खाली ठेवला. "वर्षातून दोनदा येता. जीप मेहरचंदच्या दारात, बैठक त्याच्या ओसरीवर, लस्सी त्याच्या घरची. आमच्या टोकाला तुम्ही शेवटचे कधी आलात, सांगू? माझ्या बकऱ्या विकायच्या होत्या तेव्हा."



"मी करार मोडला, खरं आहे ते," ती सावकाश म्हणाली. "पण तो दोन हातांनी धरायचा होता ना? एक हात सुटला. दुसऱ्याने नुसतंच धरून बसायचं, ते कशासाठी? डोंगर आम्ही राखायचा आणि पाणी कुणी दुसऱ्याने न्यायचं?"

"कुणी दुसऱ्याने?"

"चला, दाखवते."

बांधावर जाऊन पाहतात तो काय, पाणी खुणेच्या दगडापर्यंत चढलेलं. गाळाचं नाव नाही. झडपेजवळ बसवलेल्या पंपातून मात्र हाताच्या मनगटाएवढा काळा पाइप निघाला होता आणि झुडपांतून टेकडी चढत होता. दोघं त्याच्या मागे मागे गेले. टेकडीपलीकडे तारेचं कुंपण लागलं. कुंपणाआड हिरवीगार हिरवळ होती आणि तिच्या मधोमध पांढरा झोपाळा.

तो झोपाळा श्यामकांतांनी लगेच ओळखला. त्या झोपाळ्यावर बसून त्यांनी श्रीखंड खाल्लं होतं! ते फार्महाऊस देवदत्तचं होतं. देवदत्त त्यांचा कॉलेजातला मित्र, डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात मोठा साहेब. नव्या जमान्यात हातात पैसा खेळू लागल्यावर त्याने ही जागा घेतली होती. मे महिन्यात चंडीगडची मराठी मंडळी तिथे सहलीला आली होती, ती हमरस्त्याकडच्या फाटकातून. अंगाची लाही होत असताना पायाखाली मऊ गार गवत होतं. श्यामकांत अनवाणी फिरत म्हणाले होते, "वा, काय हिरवळ राखली आहेस!" पाण्याचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्या या माणसाने भर मे महिन्यात त्या गवताला पाणी कुठून येतं हे काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी ते मोहालीला देवदत्तच्या घरी गेले. देवदत्तने शांतपणे ऐकून घेतलं.

"श्याम, इतका तापू नकोस, यार. मी काही चोरी केलेली नाही. सोसायटीचा ठराव आहे माझ्याकडे, शिल्लक पाणी मला द्यायचा. गावाच्या मंदिराला फरशी घालून दिलीय मी."

"शिल्लक? सात घरांची पाळी बंद करून शिल्लक?"

"ते मला काय ठाऊक?" देवदत्तने कपाटातून कागद काढला. "ठरावात तुझ्याच अहवालाचा आधार घेतलाय. वाच. 'सर्व घरांना समान पाणी मिळून साठा शिल्लक राहतो.' खाली सही कुणाची आहे? आणि मेहरचंदशी माझी गाठ तरी कुणी घालून दिली? तूच ना?"

श्यामकांतांनी सही पाहिली. ती त्यांचीच होती. ते वाक्य मेहरचंदच्या ओसरीवर, मेहरचंदच्या सांगण्यावरून लिहिलेलं होतं. मित्राने फसवलं, प्रधानाने फसवलं, हे खरंच होतं. पण भागवंतीला फसवणारा कागद त्यांच्याच हातचा होता! सकाळी तिच्या दारात जाऊन आपण काय बोललो ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाचव्या दिवशी पाळ्या ठरवायची बैठक होती. श्यामकांतांनी ती मेहरचंदच्या ओसरीवरून हलवून भागवंतीच्या खोपटासमोर घ्यायला लावली. सगळा गाव जमल्यावर त्यांनी अहवालातलं ते वाक्य वाचून दाखवलं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले. "मी या सात घरांत न येता लिहिलं. आज कचेरीलाही तसं लेखी कळवलंय."

मेहरचंद कानाशी येऊन कुजबुजले, "साहबजी, यात तुमचंच नाव खराब होईल."

"होऊ दे. खराब कामच झालंय माझ्या हातून."

 मग जमीनवाल्यांपैकी एक जण उठून म्हणाला की या सात घरांनी डोंगर राखला नाही तर दोन पावसाळ्यांत बांध भरेल आणि कुणालाच पाळी उरणार नाही. ते सगळ्यांना पटलं. त्याच दुपारी पाइप काढला गेला आणि हंगामाची पहिली पाळी त्या सात घरांना मिळाली.

"आता बकऱ्या विकाल ना, चाची?" श्यामकांतांनी विचारलं.

"आज नाही," भागवंती म्हणाली. "तोवर दावणीला बांधते, डोंगरात सोडत नाही. पण विकायच्या मार्चची तिसरी पाळी झाल्यावर. एकदा नुसत्या शब्दावर विकून बसले होते मी."

ते त्यांना लागलं, पण त्यावर बोलण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही हेही त्यांना कळत होतं.

देवदत्तने त्यानंतर फोन केला नाही. पुढच्या सहलीचं बोलावणंही आलं नाही. श्यामकांत मात्र तिन्ही पाळ्यांना खेडी टिब्ब्याला गेले, आणि प्रत्येक वेळी जीप आधी पार टोकाच्या घरांपाशी थांबली.

वाचकहो, हक्क कागदावर लिहिला म्हणजे तो पोचला असं होत नाही. पोचला की नाही, हे शेवटच्या घरात जाऊनच विचारावं लागतं. आणि आपल्या पायाखालची हिरवळ भर उन्हाळ्यात गार लागली, तर तिचं कौतुक करण्याआधी हे पाणी कुणाच्या पाळीचं, एवढं तरी आपण विचारायला हवं.

एप्रिलमध्ये गहू निघाला. भागवंतीने बकऱ्या विकल्या. एक मात्र तिने दारातल्या खुंट्याला बांधून ठेवली, आणि ती का ठेवली हे श्यामकांतांनी विचारलं नाही.