लोहसागर, खंड सातवा

राहुरीच्या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार माणसं जमत आणि या पृथ्वीवर नसलेल्या गोष्टींवरून कडाकडा भांडत. कुणाला यंत्रमानव हवे असत, कुणाला उडते राक्षस. गावानं त्यांना ‘परग्रहवाले’ असं नाव ठेवलं होतं आणि सुरेखाला ते मनापासून आवडायचं. कृषी विद्यापीठाच्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत तिनं तीस वर्षं दाणे मोजले होते, उगवणारे एकीकडे आणि न उगवणारे दुसरीकडे. निवृत्तीनंतर तिला दुसरं जग हवं होतं आणि तेही जाडजूड. चारशे पानांच्या आतल्या पुस्तकाला ती पुस्तक म्हणतच नसे, पत्रक म्हणायची.

मंडळाचे नियम तीन. ज्याची पाळी असेल, त्याला बाकीच्यांनी अलीकडे वाचलेलं एकेक पुस्तक सुचवायचं. शेवट सांगायचा नाही, सांगितला तर सगळ्यांना भेळ द्यायची. आणि पुस्तक कुणाच्या हातात असलं, की त्याचं वाचून होईपर्यंत कुणी मागायचं नाही. पिठाची गिरणी चालवणाऱ्या भागिरथीनं वीस वर्षांत एकदाही भेळ दिली नव्हती. ती सुरेखाची मैत्रीण होती, म्हणजे सुरेखाशी सर्वांत जास्त भांडणारी होती.

पोटातली गाठ काढल्यावर तीन महिन्यांनी, जूनमध्ये, सुरेखा पुन्हा आली. गाठ साधी होती, असं मुलगा म्हणाला होता, सून अश्विनीही म्हणाली होती आणि नगरचे डॉक्टर तर हसून म्हणाले होते. त्या रविवारी पाळी तिचीच होती.

“ताई, मंगळावर पाणीवाटपावरून भांडणं लागतात, त्याची गोष्ट आहे,” साखर कारखान्यातला केमिस्ट सुनील म्हणाला. “झकास आहे. नव्वद पानं.”

निवृत्त पोस्टमास्तर रखमाजींनी त्याहून बारीक पुस्तक पुढं सरकवलं. “कथा हायेत. एकीचा दुसरीशी संबंध न्हाई. कुठंबी थांबलं तरी चालतंय.”

“मी कशाला मध्येच थांबेन?” सुरेखा हसत म्हणाली. रखमाजी चष्मा पुसायला लागले.

कपाटात ‘लोहसागर’चे सात खंड नवेकोरे उभे होते. ही मालिका मागवावी म्हणून सुरेखानं वर्षभर अर्ज केले होते आणि वाचायला नेणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. तिनं यादी पाहिली. तिचं नाव खोडून वर भागिरथीचं लिहिलं होतं.

“तू मागनं घे,” भागिरथी म्हणाली. “लई जड हायेत. तुला झेपायचे न्हाईत.”

“पोट फाडलंय माझं, हात नाही कापले.”

कुणीही हसलं नाही. सुरेखानं तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तीस वर्षं जे काम तिनं केलं, ते आज तिच्यावरच झालं होतं. तिला न उगवणाऱ्यांत काढून ठेवलं होतं.

“अश्विनी आली होती ना इथं? किती दिवस म्हणाली?”

सुनील जमिनीकडे बघत राहिला.

“दिवाळी,” भागिरथी म्हणाली. बाकीच्यांना निदान लाज वाटत होती, हिला तीही वाटली नाही.

सुरेखा उठली. तिनं सातवा खंड काढला आणि काखेत मारला. “हा माझ्या हातात आला. आता माझं वाचून होईपर्यंत मागायचा नाही. बाकीचे सहा घाला चुलीत.”

रिक्षात बसल्यावर तिला कळलं, की उचलायचा तर पहिला उचलायला हवा होता. संतापात माणूस स्वतःचंच वाटोळं करतो, तसं झालं. घरी येऊन तिनं अश्विनीला एका शब्दानं विचारलं नाही. नुसतं म्हणाली, “साधी गाठ होती ना? मग चारी ठाव स्वयंपाक कर.” अश्विनी ओट्याशी तोंड करून रडली आणि सुरेखाला त्याचं बरं वाटलं.

चार दिवसांनी तिनं पहिल्या खंडासाठी निरोप धाडला. सहाही खंड भागिरथीनं एकदम घरी नेले होते. उलटा निरोप आला, “वाचून होईपर्यंत मागायचं न्हाई. सातवा दे, पहिला ने.”

सुरेखानं दिला नाही. पाऊस सरला, गणपती गेले, तिला उठवेना झालं, तरी दिला नाही. उशाशी ठेवलेला तो खंड तिनं उघडलाही नाही. मधूनच सुरुवात करणं तिच्या लेखी चोरी होती. तिला दिवाळीनंतर जगायचं होतं, भागिरथीच्या घरी चालत जायचं होतं आणि पहिल्या पानापासून सुरुवात करायची होती. एवढंच हवं होतं तिला, आणि ते तिला फार हवं होतं.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा एका सकाळी भागिरथी आली. सहाही खंड वाचून झाले होते. तिनं सुरेखाचं मनगट पाहिलं, सलाइन पाहिली, मग उशाशी पाहिलं.

“उघडलं पन न्हाईस?”

“आधीचे सहा आण, मग उघडते.”

भागिरथी चहा पिऊन उठली. दारात तिचा आवाज हळू झाला, पण आजाऱ्याचा कान तिखट असतो.

“अश्विनी, ते पुस्तक कुठं हाय ते ध्यानात ठेव बाई. मागनं माणसांच्या गडबडीत सापडत न्हाई.”

सुरेखा छताकडे बघत पडून राहिली. मग तिनं खंड पोटावर ओढला आणि थेट शेवटचं पान काढलं. कुणी एक राणी पुलावर उभी होती, एक म्हातारा तिला किल्ली देत होता आणि दोघं रडत होती. का रडत होती, ते कळायला आधीचे सहा खंड लागत होते.

आयुष्यात तिनं पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता. तिनं ते पान शिवणीपासून सावकाश, सरळ फाडलं. शेजारच्या तांब्यात बुडवलं आणि लगदा होईपर्यंत बोटांनी चुरलं. मग हात चादरीला पुसून सुनेला हाक मारली.

“अश्विनी, भागिरथी कोपऱ्यापर्यंतच गेली असेल. पळत जा आणि हे पुस्तक तिला देऊन ये. म्हणावं, माझं वाचून झालं.”