पुलाच्या सभेतला माईक

मित्रांनो, माझ्या चेपलेल्या जाळीला हसू नका. मी सभागृहातला जुना माईक आहे. कारखान्यात एका बाईंनी माझ्यात केसाएवढ्या तारा बसवल्या, "एक, दोन, तीन" असं बोलून मला तपासलं, आणि तेव्हापासून मी बोलणाऱ्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो. कुणी माझ्यावर टिचक्या मारी, कुणी खोकून घेई. पण "आवाज कसा खणखणीत आहे" असं लोक म्हणत, आणि मी फुशारून जाई. खणखणीत ऐकू येतं ते खरंच असणार, असं मलाही वाटायचं.

मग पुलाची सभा भरली. नदीवरचा जुना पूल बंद करायचा की चालू ठेवायचा, हे हात वर करून ठरणार होतं. आधी इंजिनिअर बाई बोलल्या. तिसऱ्या खांबाला भेग आहे, ती दर महिन्याला रुंदावते आहे, असं त्यांनी मान खाली घालून वाचून दाखवलं. आकड्यांमागून आकडे आले, आणि लोक जांभया देऊ लागले.

नंतर निवृत्त गुरुजी उठले. अर्ध्या गावाला त्यांनीच भाषण करायला शिकवलेलं. ते हसत म्हणाले, "माझे वडील साठ वर्षं या पुलावरून गेले. आज सकाळी मीही आलो. पडला का पूल? म्हणून सांगतो, पूल भक्कम आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अहो, पडेपर्यंत प्रत्येक पूल उभाच असतो," बाई जागेवरून म्हणाल्या. ते टाळ्यांत विरून गेलं. भराभर हात वर झाले आणि पूल चालू राहिला. मी सुन्न झालो. कुणी सुखरूप चालून आलं की खांबाची भेग बुजते? एवढं साधं टाळ्या वाजवणाऱ्या कुणालाच कसं सुचलं नाही? आणि गुरुजींचं ते वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलं होतं मीच.

नवव्या दिवशी पूल कोसळला. पुलावर एकटा दूधवाला होता. तो वाचला, पण त्याचा पाय गेला. माझा अजून विश्वास बसत नाही.

पुन्हा सभा भरली तेव्हा गुरुजी माझ्यासमोर आले. ते म्हणाले, "माझं उदाहरण खरं होतं. त्यापुढचं 'म्हणून' खोटं होतं."

पुढे नवा माईक आला आणि माझी रवानगी कपाटात झाली. माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण कुणी गोड उदाहरण देऊन 'म्हणून' म्हणालं, की टाळी वाजवण्याआधी जरा थांबा. दूधवाला सभेला येतो, तेव्हा त्याच्या कुबड्यांचा आवाज मला इथवर ऐकू येतो.